कोल्हापुरात घर बदलताय? आधी पाणी बघा, सामान नंतर बांधा

माझी मावसबहीण गेल्या महिन्यात फोनवर म्हणाली, "ताई, आम्ही घर बदलायलोय, काय काय बघू सांग की." तिला तासभर जे सांगितलं तेच इथं लिहून काढतेय, कारण सांगताना माझ्याच लक्षात आलं की यातलं निम्मं आम्हाला कुणी आधी सांगितलं असतं तर लय त्रास वाचला असता. आम्ही शुक्रवार पेठेत होतो, तिथनं राजारामपुरीत आलो आणि आता पाचगावला आहोत. घरात आम्ही दोघं, सासूबाई, एक मुलगा, एक मुलगी. म्हणजे पाच माणसांचं सामान दोनदा बांधून दोनदा सोडलंय, तेवढ्या अनुभवावर लिहितेय.

सगळ्यात आधी पाण्याचं बोलते, कारण कोल्हापुरात घर बघताना लोक हॉल किती मोठा, पार्किंग आहे का, शाळा किती लांब हे सगळं विचारतात आणि पाण्याचं शेवटी विचारतात, तेही एजंटला. पाणी दोन तऱ्हेनं बघायचं. एक, पुराचं पाणी इथंपर्यंत येतं का. दुसरं, नळाला पाणी येतं का.

पुराचं पाणी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात पाणी आलं आणि २०२१ च्या जुलैत परत आलं. पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे कोल्हापुरातल्या पोराटोरांना पण पाठ आहे, आणि त्या दोन्ही वर्षी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. आमच्या सागवानी कपाटाच्या दारावर कमरेएवढ्या उंचीला पाण्याची तपकिरी रेघ अजून आहे. दोनदा पॉलिश केलं, तरी उन्हात धरलं की दिसते. २०२१ च्या दिवाळीत आम्ही पेठ सोडली. सासूबाईंचं आयुष्य त्या गल्लीत गेलेलं, त्यांना जाताना काय वाटलं असेल ते मी लिहू शकत नाही, पण त्याच म्हणाल्या की तिसऱ्यांदा गाळ काढायची ताकद आता माझ्यात नाही.

म्हणून नवीन घर बघायला जाताना पहिला प्रश्न हा, की २०१९ ला आणि २०२१ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं. हा एजंटला विचारायचा नाही, मालकालाही एकट्याला विचारायचा नाही. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा, दूधवाल्याला विचारा, तालमीसमोर बसलेल्या मंडळींना विचारा. ही माणसं अगदी पायरी दाखवून सांगतात, "हितंपर्यंत आलतं बघा." दुधाळी, पंचगंगा तालीम, गंगावेशीकडचा भाग, सुतारवाडा, बापट कॅम्प, नागाळा पार्क आणि रमणमळ्याचा काही भाग, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, इथं पाणी शिरलेलं सगळ्यांनी बघितलंय. पण एकाच भागात एक गल्ली कोरडी आणि पुढची गल्ली पाण्यात असं असतं, त्यामुळं भागाच्या नावावर जाऊ नका, त्या दाराचं विचारा. आणि नदी लांब आहे म्हणून निर्धास्त राहू नका. जयंती नाल्याच्या कडेला आधी गटारातनं उलटं पाणी येतं, रस्त्यावर दिसायच्या आधी मोरीतनं वर यायला लागतं.

घरात गेल्यावर डोळ्यांनी पण बघायचं. भिंतीचा खालचाच अर्धा भाग नवीन रंगवलाय का, लाकडी चौकट खालून फुगलीय का, बंद कपाट उघडल्यावर कुबट वास येतोय का. विजेची बटणं आणि मीटर फार वर, छातीच्याही वर नेऊन बसवलेत का ते बघा, आमच्या पेठेतल्या गल्लीत २०१९ नंतर बऱ्याच जणांनी असं केलं होतं. विकत घेणार असाल तर निळ्या आणि लाल पूररेषेची चौकशी केल्याशिवाय बयाणा देऊ नका. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतनं एकदा येईल असा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतनं एकदा येईल तसा, असा तो हिशोब आहे. आम्ही दोन वर्षांत दोनदा बघितला, त्यामुळं त्या आकड्यावर विसंबू नका, रेषेपासनं जेवढं लांब तेवढं बरं.

आणखी एक, तुमचं घर कोरडं राहिलं तरी रस्ता राहतो का ते बघा. पुरात शिरोलीजवळ हायवे बंद झाला होता, त्यामुळं ज्यांची नोकरी शिरोली एमआयडीसीत त्यांना जाताच येईना. गगनबावडा रोडला बालिंग्याच्या पुलाजवळ आणि रत्नागिरी रोडला पण तीच गत होते. घरातलं कुणी रोज त्या बाजूला जाणार असेल तर घर ठरवताना हे धरूनच चाला.

नळाचं पाणी

हे तर रोजचं. काळम्मावाडी धरणातनं शहराला येणारी थेट पाइपलाइन २०२३ ला आली, तरी तुमच्या नळाला किती येतं ते तुमच्या गल्लीवर आणि उंचीवर अवलंबून. म्हणून पाणी सुटायच्या वेळेलाच घर बघायला जा. एजंट म्हणेल दुपारी या, तुम्ही म्हणा सकाळी पाणी किती वाजता सुटतं, त्या वेळेला येतो. रोज येतं का एक दिवसाआड, किती वेळ येतं, जमिनीखाली टाकी आहे का, मोटर सगळ्यांची एकच आहे का प्रत्येकाची वेगळी, तिचं लाइट बिल कुणाच्या मीटरवर पडतं, हे एकेक विचारून घ्या. शेवटचा प्रश्न लय महत्त्वाचा. राजारामपुरीतल्या घरी सार्वजनिक मोटर आमच्या मीटरला जोडलेली होती, हे आम्हाला तिसऱ्या बिलाला कळलं. मालक मुद्दाम फसवत नव्हते, त्यांच्याही ध्यानात नव्हतं, पण तीन महिने पैसे गेलेच.

पाचगाव, मोरेवाडी, आर. के. नगर, कळंब्याकडं घरं स्वस्त आणि मोकळी मिळतात, हवा पण छान आहे, पण या बाजूला पाण्याचा प्रश्न जुनाच आहे. उन्हाळ्यात टँकर लागतो का आणि त्याचे पैसे कसे वाटून घेतात हे मालकाला नाही, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला विचारा. बोअरचं पाणी असेल तर बाथरूमच्या नळावर, बादलीच्या कडेला पांढरा थर बसलाय का बघा. तसलं पाणी असलं की डाळ लवकर शिजत नाही, गीझर लवकर जातो आणि केस गळतात म्हणून पोरगी रोज रडते, आमच्याकडं झालंय हे सगळं.

आणि घर कुठंही घ्या, साठवायला दोन मोठी टिपाडं हवीतच. २०१९ आणि २०२१ च्या पुरात नदीवरची उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि सगळ्या शहराचं नळाचं पाणी बंद झालं, उंचावर राहणाऱ्यांचं पण. घराबाहेर पाणीच पाणी आणि घरात प्यायला थेंब नाही, अशी पाळी दोन्ही वेळा आली होती.

भाड्याचा करार

हे कंटाळवाणं आहे पण टाळू नका. "आपलीच माणसं आहेत, कागद कशाला" असं म्हणणारे मालक चांगलेच असतात, पण उद्या त्यांच्या मुलाचा विचार बदलला की आपल्या हातात काही नसतं. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार रजिस्टर करणं १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे, तुमची नाही. हे ठाऊक असलं की बोलताना बळ येतं. आता तो घरबसल्या ऑनलाइन होतो, दोघांची आधार कार्डं, अंगठे आणि दोन साक्षीदार लागतात. मुद्रांक शुल्क पाव टक्का असतं, म्हणजे भाडं ९,००० आणि डिपॉझिट ५०,००० असेल तर ११ महिन्यांच्या करारासाठी अडीचशे-तीनशे रुपयांच्या घरात बसतं. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० आणि ग्रामपंचायत हद्दीत ५००. पाचगाव, उचगाव, मोरेवाडी हे अजून ग्रामपंचायतीत येतात, तेव्हा तिथं कुणी हजार लावले तर विचारा. एजंटची फी त्याच्यावर वेगळी, ती आधीच ठरवून घ्या.

करारात चार गोष्टी लिहूनच घ्या. डिपॉझिट किती दिवसांत परत, रंग कोण देणार, घरफाळा आणि पाणीपट्टी कुणी भरायची (ही मालकाकडं राहिली पाहिजे), आणि सोडायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची असते, ती पण मालकाबरोबर बसून त्याच आठवड्यात करून टाका.

किल्ली हातात आली की सामान न्यायच्या आधी एकट्यानं जाऊन रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा. प्रत्येक भिंत, प्रत्येक नळ, फुटलेली फरशी, खिडकीची काच, सगळं. मीटरचं रीडिंग दिसेल असा फोटो काढा आणि हे सगळं त्याच दिवशी मालकाच्या व्हॉट्सअपवर टाका. दोन वर्षांनी डिपॉझिट मागताना हाच व्हिडिओ कामी येतो, आमच्या आला.

दिवस कुठला धरायचा

आषाढात आणि पितृपक्षात घरातली मोठी माणसं नको म्हणतात. माझं मत विचाराल तर त्यांचं ऐकावं, आणि आषाढाचं तर कोल्हापुरात हवामानाच्या हिशोबानंही बरोबरच आहे, जुलैतल्या पावसात गाद्या हलवणं म्हणजे त्या वाया घालवणं. पाडवा, अक्षय तृतीया, दसरा हे दिवस चांगलेच, पण त्या दिवशी टेम्पो मिळत नाही आणि मिळाला तर दुप्पट मागतो. आम्ही दुसऱ्या वेळी अक्षय तृतीयेला देव आणि कलश नेला, दूध उतू घालवलं, आणि सामान दोन दिवसांनी साध्या वारी हलवलं, मुहूर्त पण साधला आणि धावपळ पण झाली नाही.

पेठांमधनं हलणार असाल तर नवरात्रात अंबाबाईच्या देवळाच्या आजूबाजूला गाडी घालायचा विचार पण करू नका, गणपतीच्या विसर्जनाला महाद्वार रोड आणि पापाची तिकटी परिसरात तेच, आणि जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या दोन-तीन दिवसांत पन्हाळा रोडची बाजू टाळा. बोळात मोठा टेम्पो वळत नाही, त्यामुळं आदल्या दिवशी ड्रायव्हरला गल्ली दाखवून आणा. आमच्या पेठेतल्या घरापर्यंत छोटा हत्तीच यायचा, म्हणून तीन खेपा झाल्या, आणि तीन खेपांचं भाडं आधी ठरलं नव्हतं म्हणून दारात उभं राहून वाद झाला. सासूबाई तुळस हातात घेऊन उभ्या आणि आम्ही भाड्यावरनं भांडतोय, ते मला अजून बरं वाटत नाही.

तेव्हापासनं मी टेम्पोवाल्याला व्हॉट्सअपवर लिहून पाठवते की इथला मजला कुठला, तिथला कुठला, लिफ्ट आहे का नाही, फ्रिज, वॉशिंग मशीन, दोन कपाटं, एक दिवाण, अंदाजे खोकी इतकी, हमाल किती, खेपा किती, एकूण रक्कम किती. त्यानं "ओके" पाठवलं की झालं. हमालांना दुपारचं जेवण आणि चहा आपल्याकडनं द्या, उन्हात तिसरा मजला चढणाऱ्या माणसाला पाणी विचारणं हे तर आपलं कामच आहे, आणि सामान पण जपून ठेवतात.

बांधाबांध

पंधरा दिवस आधी सुरू करा, पण पहिल्या आठवड्यात बांधू नका, फक्त काढा. जे दोन वर्षांत लागलं नाही ते नवीन घरात पण लागणार नाही. जुने कपडे, पुस्तकं, मोडकी खेळणी, रद्दी, सगळं बाजूला. रद्दी मात्र सगळी घालू नका, पेपर काचेच्या भांड्यांना लागतो. खोकी विकत घेऊ नका, लक्ष्मीपुरीत घाऊक दुकानदारांना दोन दिवस आधी सांगून ठेवलं तर बिस्किटाची, साबणाची घट्ट खोकी ठेवतात. पुस्तकं छोट्या खोक्यात, गाद्या-उशा पोत्यात, आणि चादरींमध्ये काचेची भांडी गुंडाळा म्हणजे एका दगडात दोन पक्षी.

स्वयंपाकघर सगळ्यात शेवटी बांधायचं आणि सगळ्यात आधी सोडायचं. आमची चटणीची बरणी ही घरातली सगळ्यात अवघड वस्तू. वर्षाची कांदा-लसूण चटणी, पाच किलो, चिनी मातीची बरणी. पहिल्या वेळी झाकणाला नुसता फडका बांधला होता, राजारामपुरीत उतरवताना बघितलं तर तेल झिरपून खालचं धान्याचं पोतं लाल. दुसऱ्या वेळी चटणी आधी स्टीलच्या डब्यांत भरली, झाकणाखाली प्लास्टिकचा कागद घालून वरनं चिकटपट्टी, आणि मोकळी बरणी वेगळी रजईत. लोणच्याचं पण तसंच करा. डबे रिकामे करायच्या भानगडीत पडू नका, डाळी-तांदूळ डब्यातच राहू देत, फक्त झाकणाला पट्टी लावा. तेलाचा डबा आणि घासलेट-फिनेल कधीच धान्याबरोबर ठेवू नका. पाटा-वरवंटा असेल तर तो टेम्पोत तळाला, आणि वरवंटा वेगळ्या पोत्यात, नाहीतर तो गडगडत जाऊन कपाटाच्या आरशावर बसतो.

खोक्यावर नुसतं "किचन" लिहून भागत नाही. आत काय आहे ते लिहा, आणि वरच्या बाजूला नाही तर शेजारच्या बाजूला लिहा, कारण एकावर एक ठेवल्यावर वरचं दिसत नाही. दिवाण, पलंग, टेबल खोलताना त्याचे नट-बोल्ट एका पिशवीत घालून ती पिशवी त्याच पलंगाच्या पायाला चिकटपट्टीनं घट्ट बांधा. आम्ही सगळ्या स्क्रूंची एक पिशवी केली आणि ती तीन दिवस सापडली नाही, तोपर्यंत सासूबाई खाली गादीवर, आणि त्यांना खालनं उठवायला दोघं लागायचे.

फ्रिज आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळू द्या, पुसून दार थोडं उघडं ठेवा, नेताना उभाच न्या आणि पोचल्यावर तीन-चार तास तसाच ठेवून मग चालू करा. पुढनं दार उघडणारं वॉशिंग मशीन असेल तर त्याचे मागचे वाहतुकीचे बोल्ट बसवल्याशिवाय हलवू नका. इन्व्हर्टरची बॅटरी आडवी झाली की ॲसिड सांडतं, ती टेम्पोत नको, गाडीत पायाशी उभी धरून न्या. टीव्हीच्या आणि वायफायच्या मागच्या वायरी काढायच्या आधी फोटो काढा. कोल्हापुरी चपला प्लास्टिकमध्ये बांधून ठेवू नका, चामड्याला बुरशी धरते, पेपरात गुंडाळा.

आता फायलीचं. घरातले सगळे कागद, म्हणजे आधार, पॅन, मुलांचे दाखले, गॅसचं पुस्तक, लाइट बिल, बँकेची पासबुकं, विम्याचे कागद, दवाखान्याच्या फायली, औषधं आणि दागिने, ही एकच बॅग करायची आणि ती टेम्पोत टाकायची नाही. ती घरातल्या एका माणसानं खांद्याला अडकवायची आणि रात्री झोपेपर्यंत खाली ठेवायची नाही. आमच्याकडं हे काम मुलाला दिलं होतं, त्याला वाटलं मोठी जबाबदारी आहे, जेवताना पण बॅग मांडीवर.

दुसरी एक पिशवी पहिल्या रात्रीची. तिच्यात दोन पातेली, कुकर, चहा-साखर, मीठ, काडेपेटी, पाच ताटं-वाट्या, सुरी, बॅटरी, मेणबत्ती, हातोडा, स्क्रू ड्रायव्हर, टेस्टर, दोरी, खिळे, साबण, झाडू, चार्जर, प्रत्येकाचा एक जोड कपडे, अंथरूण. पहिल्या रात्री बाहेरनं मागवायचा मोह होतो, पण निदान भाताचा कुकर आणि पिठलं घरात करा, चूल पेटली की घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि पोरांना बरं वाटतं, हे मी दोन्ही वेळा बघितलं.

गॅस, लाइट आणि पत्ते

गॅस कनेक्शन शहरातल्या शहरात दुसऱ्या एजन्सीकडं न्यायचं असेल तर ऑनलाइन ट्रान्सफर होतं, सिलेंडर-रेग्युलेटर जमा करावं लागत नाही. दुसऱ्या गावाला जात असाल तर ते जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्या आणि अनामत परत घ्या, नवीन ठिकाणी त्या वेळच्या दरानं परत भरावी लागते. नवीन ठिकाणी जोडल्यावर नळी आणि रेग्युलेटरला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. गळतीचा नंबर १९०६, तो ओट्याजवळच्या भिंतीवर लिहून ठेवा. नळी जुनी असेल तर या निमित्तानं बदलाच.

लाइटचं बिल मालकाच्या नावावर राहिलं तरी चालतं, पण महावितरणचा १२ आकडी ग्राहक क्रमांक घेऊन आधीच्या भाडेकरूची थकबाकी शून्य आहे का ते मोबाइलवर बघून घ्या, नाहीतर वायर तोडायला माणूस येतो तेव्हा दारात तुम्ही असता. तक्रारीला १९१२. घर विकत घेतलं असेल तर मीटर, घरफाळा आणि पाण्याचं कनेक्शन तिन्ही नावावर करून घ्या, हे तीन वेगळे अर्ज आहेत, एक केला की दुसरा आपोआप होत नाही.

बाकी पत्ते: आधार आधी, मग बँक, मतदार यादीसाठी फॉर्म ८, गाडीच्या आरसीवरचा पत्ता ३० दिवसांत कळवायचा असतो. रेशन आता कुठल्याही दुकानात घेता येतं, तरी कार्डवरचा पत्ता बदलून घ्या. पोस्टातल्या जुन्या पोस्टमनना स्वतः भेटून नवीन पत्ता आणि फोन नंबर द्या, आमचं विम्याचं एक पत्र त्यांच्यामुळंच मिळालं.

रुळायला लागणारे दिवस

सामान लागायला आठवडा लागतो, माणसं लागायला जास्त. मुलांची शाळा वर्षाच्या मध्ये बदलावी लागणार असेल तर शक्यतो टाळा, दुसऱ्या वेळी आम्ही मे महिना धरला. रिक्षावाले काका आधीच ठरवा, जूनमध्ये जागा मिळत नाही.

सासूबाईंचं सगळ्यात अवघड गेलं. पेठेत त्यांची सकाळ ठरलेली होती, गंगावेशीला दूध कट्ट्यावर जाऊन समोर पिळलेलं म्हशीचं दूध घ्यायचं, येताना चार जणींशी बोलायचं, परत यायला तास लागायचा. राजारामपुरीत पिशवीचं दूध दारात यायला लागलं आणि त्यांना बाहेर जायला कारणच उरलं नाही. दोन महिने त्या गप्प गप्प होत्या, जेवण कमी झालं. डॉक्टरांना दाखवलं, काही निघालं नाही. मग एक दिवस आमच्या ह्यांनी पिशवीचं दूध बंद केलं आणि त्यांना सांगितलं, "आई, कोपऱ्यावरच्या डेअरीतनं तूच आणत जा." एवढ्यावर फरक पडला. डेअरीत एक, देवळात एक अशा ओळखी झाल्या, हळूहळू भिशीत पण घेतलं त्यांना. म्हणून घरात म्हातारं माणूस असेल तर घर बघताना हे बघा की त्यांना एकटीनं चालत जाता येईल असं देऊळ, दुकान, कट्टा जवळ आहे का, मध्ये मोठा रस्ता ओलांडावा लागतो का. आम्ही पाचगावचं घर यासाठीच तिसऱ्या मजल्यावरचं सोडून तळमजल्याचं घेतलं, समोर मारुतीचं देऊळ आहे. भाडं हजारानं जास्त आहे, पण ते पैसे मला जास्त वाटत नाहीत.

शेजाऱ्यांकडं तुम्हीच आधी जा. पहिल्या रविवारी वरच्या-खालच्या आणि दोन्ही बाजूच्या घरी वाटीभर काहीतरी गोड घेऊन जायचं, नाव सांगायचं, आणि घंटागाडी किती वाजता येते, पाणी कधी सुटतं, प्लंबर कोण चांगला, वायरमन कोण, रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला, हे विचारायचं. इथली माणसं बोलायला मोकळी आहेत, एकदा ओळख झाली की रात्री बाराला पण धावून येतात. किल्लीचा एक जोड त्यातल्या एका घरी ठेवायची सोय झाली तर फारच छान. बाहेरच्या दाराचं कुलूप मात्र पहिल्याच दिवशी बदला, आधीच्या किल्ल्या कुणाकुणाकडं आहेत ते कुणालाच ठाऊक नसतं.

आणि शेवटचं काम पावसाचं. उन्हाळ्यात आलेलं घर कसं आहे ते जूनमध्ये कळतं. पहिला मोठा पाऊस पडला की बॅटरी घेऊन सगळ्या खोल्यांत फिरा, छताचे कोपरे, खिडकीच्या खालची भिंत, बाथरूमच्या मागची भिंत, कपाटाची मागची बाजू. ओल दिसली तर तिच्या कडेनं पेन्सिलीनं रेघ ओढा आणि तारीख लिहा. आठ दिवसांनी ओल रेघेच्या बाहेर गेली असेल तर दुसरी रेघ, दुसरी तारीख, आणि दोन्हीचा फोटो मालकाला पाठवा. आम्ही पाचगावला मुलीच्या खोलीत तीन रेघा ओढल्या होत्या. फोनवर दोनदा सांगून मालक "बघू" म्हणत होते, रेघांचा फोटो गेल्यावर चौथ्या दिवशी गवंडी आला, तडा भरला, आणि गौरी-गणपतीच्या आधी भिंत वाळली.